सिकलसेलचं पान

पोळा आटोपला की आमच्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो. "पोरीचा नंबर लागला जी, डॉक्टरसाहेब. आता पुस्तकं कोणती घ्याची?" विचारणारा कधी बल्लारपूरच्या पेपर मिलमधला कामगार असतो, कधी घुग्घुसच्या कोळसा खाणीतला, कधी एटापल्लीकडच्या आश्रमशाळेतला मास्तर. नीट मे महिन्यात होते, निकाल जूनमध्ये लागतो, मग सीईटी सेलच्या फेऱ्या सुरू होतात आणि त्या संपेस्तोवर धानाची रोवणी होऊन जाते. यादीत नाव लागल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत जे दिवस उरतात, त्यांत घरच्यांचे हात शिवशिवतात. पेढे वाटून झालेले असतात, सत्कार झालेला असतो, चौकात फ्लेक्स लागलेला असतो. उरतात पुस्तकं.

आमच्या वेळी डॉक्टर व्हायचं म्हणजे नागपूर गाठायचं, त्याला पर्याय नव्हता. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं २०१५ मध्ये. गडचिरोली हा जिल्हा चंद्रपुरातून १९८२ साली वेगळा निघाला. त्याला स्वतःचं १०० जागांचं वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२४ उजाडलं. त्यामुळे प्रश्न विचारणारे वाढले आहेत, आणि ते आता सिरोंच्यापासून कोरचीपर्यंत सगळीकडचे आहेत. भामरागडहून फोन येतो तेव्हा पलीकडून पावसाचा आवाज येत असतो आणि मध्येच कोणीतरी सांगतं, पर्लकोटेला पूर आहे, पुलावरून पाणी चाललंय, पुस्तकं आणायला निघता येत नाही.

माझं पहिलं उत्तर असतं, काही घेऊ नका. ते कोणालाच आवडत नाही. बापाला वाटतं, डॉक्टर पैसे वाचवायला सांगतोय, म्हणजे याला आपली ऐपत कमी वाटते. तेंदूपत्त्याच्या हंगामात जोडलेले पैसे त्यानं याच कामासाठी बाजूला ठेवलेले असतात आणि ते एखाद्या दिसणाऱ्या, वजनदार वस्तूत गेले पाहिजेत, असं त्याला वाटतं. मला त्यात चूक काही दिसत नाही. घरात पहिल्यांदाच कोणी डॉक्टर होणार असेल तर टेबलावर जाड पुस्तकांची चवड दिसावी, ही इच्छा साधीच आहे. तरी मी सांगतो की कॉलेजात ग्रंथालय असतं, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांसाठी पुस्तकपेढीची योजना असते, त्यात दोन मुलांमागे एक संच मिळतो, आणि वरच्या वर्षातली पोरं आपली पुस्तकं विकायला टपलेलीच असतात. सुरुवातीचे दिवस तर फाउंडेशन कोर्समध्येच जातात. त्या दिवसांत पुस्तक उघडायचं कारण पडत नाही.

यादी मात्र सगळ्यांकडे आधीपासूनच असते, कोणा सीनियरनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली. अ‍ॅनाटॉमीला बीडीसी की विश्राम सिंग. फिजिऑलॉजीला गायटन, ए. के. जैन की सेंबुलिंगम. बायोकेमिस्ट्रीला वासुदेवन, सत्यनारायण की लिपिनकॉट. हिस्टॉलॉजीला इंदरबीर सिंग, डिसेक्शनला कनिंगहॅम. बीडीसी म्हणजे ग्वाल्हेरचे बी. डी. चौरसिया, त्यांच्या पुस्तकातल्या आकृत्या इतक्या सोप्या रेघांच्या आहेत की चित्रकलेत नापास झालेला मुलगाही परीक्षेत त्या काढून येतो. अर्ध्या हिंदुस्थानानं अ‍ॅनाटॉमी त्यांच्या रेघांवर पास केली आहे. याद्यांमध्ये वाईट पुस्तक सहसा नसतंच. अडचण वेगळी आहे. शंभरजणांनी वापरलेलं पुस्तक चांगलं आहे एवढं यादी सांगते. ते या मुलीला कळेल की नाही, हे यादीला कुठून ठाऊक असणार?

म्हणून माझं दुसरं उत्तर. घ्यायचंच असेल तर आधी दुकानात किंवा ग्रंथालयात उभं राहून प्रत्येक पुस्तकातलं एक पान वाचायचं, आणि ते पान आपल्या गावच्या आजाराचं असलं पाहिजे.

बायोकेमिस्ट्रीसाठी सिकलसेलचं पान. या दोन जिल्ह्यांत सिकलसेल म्हणजे काय हे कोणाला शिकवावं लागत नाही. कोणाच्या तरी घरात एक पोरगं असतंच, ज्याचे हातपाय थंडीत दुखतात, ज्याचे डोळे पिवळे होतात, ज्याला आई सारखी पाणी पी म्हणून बजावते. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, म्हणजे विदर्भाला या आजाराची कागदोपत्री ओळख होऊनही साठ वर्षांहून जास्त काळ लोटला. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची मोहीम काढली आणि २०४७ ची मुदत घातली. बायोकेमिस्ट्रीच्या प्रत्येक पुस्तकात हा आजार असतो, कारण शिकवायला तो फार सोयीचा आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिड असायला हवं, तिथे व्हॅलिन येऊन बसतं, एवढाच फरक. मग ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

आता पुस्तकापुस्तकातला फरक बघायचा. एक पुस्तक सहावी जागा आणि व्हॅलिन सांगून पुढच्या आजाराकडे वळतं. दुसरं सांगतं की शरीरातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि दाट झालं की लवकर चिकटतं. हे वाचल्यावर आई पाणी पी का म्हणते ते उमगतं. तिसरं याच्याही पुढे जाऊन सांगतं की ज्याच्याकडे हा दोष एकाच पालकाकडून आलाय, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंचसं संरक्षण मिळतं, आणि म्हणून मलेरियाच्या मुलखात हा दोष टिकून राहिला. गडचिरोलीत मलेरिया किती आहे हे इथल्या पोरांना सांगायला नको. दोन वाचनांत ज्या पुस्तकातलं हे पान समजलं, ते पुस्तक तुझं. बाकीची पानंही त्याच माणसानं लिहिलेली असतात.

फिजिऑलॉजीसाठी दोन तापांचं पान. चंद्रपूरचा मे महिना ज्यानं अंगावर घेतलाय त्याला उष्माघात दाखवावा लागत नाही. पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो, त्यात औष्णिक वीज केंद्राची आणि खाणींची धग. आणि मलेरियाचा ताप तर घरचाच. मलेरियात अंग तापलेलं असताना माणूस दोन चादरी घेऊन कुडकुडतो आणि उन्हानं तापलेला माणूस कुडकुडत नाही, हे दोन्ही त्या पोरीनं पाहिलेलं असतं. का, ते माहीत नसतं. शरीराचं तापमान मेंदूत एका ठिकाणी ठरवलं जातं. मलेरियात तो ठराव वर सरकतो, म्हणून शरीराला स्वतः थंड पडल्यासारखं वाटतं आणि ते थरथरून उष्णता तयार करतं. उष्माघातात ठराव जागच्या जागी असतो, फक्त उष्णता बाहेर टाकायची यंत्रणा कोलमडते. म्हणून उन्हानं पडलेल्या माणसाला तापाची गोळी देऊन भागत नाही, त्याच्या अंगावर पाणी ओतून वारा घालावा लागतो. हे जे पुस्तक स्वच्छ सांगेल ते घ्यावं.

इथे माझा कल गायटनकडे आहे, आणि तो मी लपवत नाही. आर्थर गायटन सर्जन व्हायला निघाला होता; १९४६ मध्ये पोलिओ झाला, पाय आणि खांदा अधू झाले, शस्त्रक्रियेचा मार्ग बंद झाला. तो मिसिसिपीत फिजिऑलॉजी शिकवायला गेला आणि १९५६ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. पुष्कळ वर्षं ते त्यानं एकट्यानं लिहिलं, म्हणून त्यात एकाच माणसाचा आवाज ऐकू येतो. फार जाड आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री निरुपयोगी आहे, आणि सीनियर त्याला नाक मुरडतात ते त्यामुळेच. पण तापमानाचं प्रकरण त्यात वाचावं.

अ‍ॅनाटॉमीसाठी मी कोपराचं पान सांगतो. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून अल्नर नावाची नस जाते. तिथे ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. कुष्ठरोगात हीच नस जाड होते, बोटाला लागते, आणि पुढे तिच्या हुकमातले हाताचे बारीक स्नायू निकामी होऊन करंगळी आणि अनामिका आत वळतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मुलीनं असा हात पाहिलेला नसेल असं सहसा होत नाही. वरोऱ्याजवळचं कुष्ठरुग्णांचं आनंदवन शाळेच्या सहलीत एकदा तरी घडतंच. कोणता स्नायू गेला म्हणून कोणतं बोट वाकलं, हे ज्या पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून सांगता येईल ते चांगलं.

आणि चित्रांची गोष्ट निघालीच आहे तर ग्रेबद्दल बोलायला हवं, कारण प्रत्येक घरातला एखादा काका 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' घ्या म्हणून आग्रह धरतो. पहिल्या वर्षाला ते पुस्तक घेऊ नये. पण त्याची जन्मकथा ऐकावी. हेन्री ग्रे आणि हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमधले दोन तरुण. लिहिणार ग्रे, चित्रं काढणार कार्टर. दीड वर्ष दोघांनी मिळून शवविच्छेदन केलं. ती शरीरं गरिबांची, बेवारशांची होती. त्या काळच्या चित्रांत अवयवांवर आकडे असत आणि आकड्यांचे अर्थ दुसरीकडे. पोरांची नजर चित्र आणि यादी यांच्यात येरझाऱ्या घालून थकायची. कार्टरनं नावं थेट नसेवर, स्नायूवर, हाडावर लिहिली. एवढ्यानं वाचणाऱ्याचे किती कष्ट वाचले, ते पुस्तक दीडशेहून जास्त वर्षं टिकलं यावरून समजावं. कार्टरला मोबदला म्हणून दीडशे पौंड मिळाले, पुढच्या विक्रीतला वाटा काही नाही. शीर्षकपानाच्या खर्ड्यावर ग्रेनं आपल्या चित्रकाराच्या नावाचा टाइप लहान करायला लावला. १८५८ मध्ये पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हताच. तो मुंबईत पोचला होता, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला. ग्रे तीन वर्षांनी देवीच्या रोगानं गेला, वय चौतीस.

कार्टरचं पुढचं आयुष्य आपल्याकडे गेलं. काही वर्षं तो साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. मुंबई इलाख्यातला कुष्ठरोग हा त्याचा मोठा विषय झाला. त्यासाठी तो नॉर्वेला जाऊन आला आणि १८७४ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ काढला. माणसाच्या हाताच्या नसा ज्यानं जगाला चित्रात दाखवल्या, त्याच माणसानं त्या नसा खाणारा रोग इथे बसून अभ्यासला. आनंदवन उभं राहायला त्यानंतर पाऊण शतक जावं लागलं. ते उभारणारे बाबा आमटे तर वकील. त्यांनी कुष्ठरोग शिकायला कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन अभ्यासक्रम केला. वरोऱ्याच्या त्या माळरानावर गेलो की मला हटकून कार्टर आठवतो, आणि तो आठवण्याला तिथे तसं काही कारण नाही.

आता, काही वेळा असं होतं की आपल्या आजाराचं पान शोधावं तर ते पुस्तकात नसतंच. डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला शिकले आणि कोकणात महाडकडे सरकारी नोकरीला गेले. तिथे लाल विंचू चावून माणसं, त्यातही लहान मुलं, दगावत होती आणि त्यांच्याजवळच्या पुस्तकांत त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग होतो हे १९८६ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. आज ते पान पुस्तकांत आहे.

गडचिरोलीचंही तसंच. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ मध्ये इथे आले. पोरं न्यूमोनियानं मरत होती, आणि तो ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती हे मोजायला हवं. गावातल्या सुईणीला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नसे. मग एक साधन केलं, त्यात एका मिनिटाची वाळू आणि मण्यांची रांग. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा; वाळू संपायच्या आत हात लाल मण्यावर पोचला तर न्यूमोनिया. पुढे नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. १९९९ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा हिशेब त्यात होता. आता आशाताई देशभर बाळाच्या घरी जातात ती पद्धत यातूनच निघाली. पार्कच्या सामाजिक वैद्यकाच्या (पीएसएमच्या) जाडजूड पुस्तकात हा विषय वाचताना आपल्या पोरांना वाटतं, हे दिल्लीत कोणीतरी ठरवलं असेल. चातगावच्या आसपासच्या गावांत ठरलंय ते.

या थोरांची आठवण काढली की लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात. सत्कारात पोरीला प्रकाश आमट्यांचं 'प्रकाशवाटा' मिळतं, राणी बंग यांचं 'कानोसा' मिळतं, आणि काहींना वाटतं की आता एवढं वाचलं म्हणजे तयारी झाली. ती पुस्तकं जरूर वाचावीत, पण माझं मत जरा कडू आहे. प्रकाशभाऊ आणि मंदाताई आमटे १९७३ मध्ये हेमलकशाला राहायला गेले ते नागपूरची डॉक्टरकी नीट शिकून. जंगलात वीज नसताना, सोबतीला तज्ज्ञ नसताना तेच शिक्षण कामाला आलं. मन भरून येणं चांगलंच, पण झटके येत असलेल्या बाळाला शिरेतून काय आणि किती द्यायचं हे मन भरून आल्यानं आठवत नाही. मनाचीही परीक्षा घेऊन झाली आहे: सेवाग्रामच्या, १९६९ पासूनच्या, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रवेशाला गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. नीट आली आणि ती गेली. मला ती कल्पना आवडायची, तिचा शेवट झाल्याचं थोडं वाईटही वाटलं. तरी पाठांतराला सरावलेली पोरं गांधीही पाठ करू शकत होती, हेही खरं.

इंग्रजीचा घोर सगळ्यांनाच असतो, विशेषतः आश्रमशाळेतून आलेल्यांना. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत काढली, आपल्याकडेही तशी मागणी निघते. मराठीतून डॉक्टरकी शिकवणं नवं नाही. कार्टरच्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात एकेकाळी मराठी वर्ग चालायचा, डॉ. सखाराम अर्जुन तिथे शिकवत आणि त्यांनी मराठीत वैद्यकाची पुस्तकं लिहिली. मी या वादात फार पडत नाही. पोरींना एवढंच सांगतो की सिकलसेलचं इंग्रजी पान आणि घरातला सिकलसेलचा भाऊ शेजारी शेजारी असले तर ते इंग्रजी लवकर कळतं.

यंदा चामोर्शीकडून एक मुलगी वडिलांबरोबर आली. धाकट्या भावाला सिकलसेल. मी तिच्यापुढे बायोकेमिस्ट्रीची तीन पुस्तकं ठेवली आणि तिघा-चौघा रोग्यांना तपासून येईपर्यंत वाच म्हटलं. परत आलो तर तिनं मला आवडणारं, रंगीत चित्रांचं पुस्तक बाजूला सारलं होतं.

"हे का नको?"

"सर, यात पेशी वाकते हे छान दाखवलंय. पण पाणी कमी झाल्यावर काय होतं ते मला यात सापडलं नाही. या दुसऱ्यात आहे. चित्रं नाहीत, पण आहे."

मी त्या रंगीत पुस्तकात शोधलं. एका तक्त्यात, खालच्या बाजूला, बारीक टायपात ते होतं. तिला दाखवलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "इतकं बारीक का जी?" वडिलांनी खिशातून पाकीट काढत विचारलं, मग दोन्ही घ्याची काय? ती म्हणाली, एकच, आणि तेही आत्ता नाही. आधी कॉलेजात पुस्तकपेढीत कोणतं मिळतं ते बघते.